शुल्क माफ झाले, खर्च उरला

महाराष्ट्रातल्या पदवीच्या विद्यार्थ्यापुढे आता दोन कागद येतात. एक शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि दुसरे इंटर्नशिपचे, विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘ओजेटी’चे (ऑन-जॉब ट्रेनिंगचे), पत्र. पहिल्या कागदात घरचे उत्पन्न विचारलेले असते, आणि त्यावरून शासन शुल्काचा भार उचलते. दुसऱ्यात यातले काहीच विचारलेले नसते. अमुक इतके तास एखाद्या आस्थापनेत काम करून प्रमाणपत्र आणायचे, एवढेच त्यात असते. त्या काळात राहायचे कुठे, जायचे कशाने, आणि सुट्टीत शेतात किंवा दुकानात कामाला जाणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी कोण भरून देणार, याबद्दल दोन्ही कागदांत एक ओळही सापडत नाही. आर्थिक साहाय्य आणि इंटर्नशिप यांचा विचार आपल्याकडे वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या नियमावल्यांत होतो. त्यांचा ताण मात्र एकाच घरावर येतो. म्हणून दोन्हींचा आढावा इथे एकत्र घेतला आहे.

आधी राहण्या-जेवणाची सोय

शिक्षणासाठी मदत करायची तर आधी मुलाच्या राहण्या-जेवणाकडे पाहावे लागते, हे या राज्यातल्या धुरीणांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली ठेवणारे वसतिगृह काढले. १९४७ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या छत्रपती शिवाजी कॉलेजमध्ये ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत महाविद्यालयीन शिक्षणात आली. गरिबाच्या मुलाने श्रम करावेत, त्या श्रमाचे मोल त्याला मिळावे आणि त्यातून त्याचे शिक्षण व्हावे, ही त्यामागची धारणा होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षण या विषयातला सर्वांत बोलका दाखला आहे. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अनुदान, स्वतःची कमाई आणि कर्ज हे तिन्ही मार्ग एका विद्यार्थ्याला वापरावे लागले, आणि पैसा आटताच एवढ्या प्रतिभेच्या माणसाचेही शिक्षण थांबले. पुढे १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज लाखो मुले ज्या योजनेवर शिकतात तिची मुळे इतकी जुनी आहेत.

शुल्काची बाजू: चांगली, पण उशिराची

शुल्कापुरते पाहिले तर महाराष्ट्राने बरेच काही केले आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची ‘फ्रीशिप’ मिळते. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल, तर तिच्यातून व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शुल्क मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना ही सवलत ५० वरून १०० टक्के झाली. शुल्क परवडत नाही म्हणून घरातल्या मुलाला अभियांत्रिकीला आणि मुलीला साध्या पदवीला घालणाऱ्या कुटुंबांसाठी हा निर्णय फार मोलाचा आहे. मात्र व्यवस्थापन कोट्यातले प्रवेश, अभिमत विद्यापीठे आणि खासगी विद्यापीठे यांना तो लागू नाही. प्रवेश घेण्याआधी हे नीट पाहिले नाही, तर पुढे मोठा घोटाळा होतो.

केंद्राच्याही योजना आहेत. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार रुपये देते. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ‘सक्षम’ आणि अनाथ मुलांसाठी ‘स्वनाथ’ या तिच्याच भगिनी योजना आहेत. बारावीला उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलांसाठी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती आहे. या सगळ्यांचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचे असतात, तर राज्याच्या योजना ‘महाडीबीटी’ पोर्टलवर असतात. विद्यार्थी या दोन दारांतच गोंधळतात.

खरा प्रश्न पैसे केव्हा मिळतात हा आहे. महाडीबीटीवरचा अर्ज आधी महाविद्यालयातल्या लिपिकाच्या लॉगिनवर जातो, मग संबंधित विभागाकडे, आणि तिथून मंजुरी मिळाल्यावर रक्कम हप्त्यांनी येते. दाखल्यावरच्या नावात एक अक्षर चुकले, उत्पन्नाचा दाखला जुना निघाला किंवा बँक खाते आधारला जोडलेले नसले, की अर्ज परत येतो. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० ठरला. राज्याचा वाटा आधी दिला जातो आणि त्यानंतर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातून शुल्काचा भाग त्याने स्वतः महाविद्यालयात भरायचा असतो. पैसा थेट विद्यार्थ्याच्या हाती यावा, हे तत्त्व योग्यच आहे. पण हप्ता लांबला की महाविद्यालय विद्यार्थ्याच्याच मागे लागते आणि परीक्षेचा अर्ज किंवा निकाल अडवण्याची भाषा सुरू होते. शासनाच्या उशिराचा दंड अशा रीतीने अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला भोगावा लागतो.

राहायचे कुठे, खायचे काय

शुल्कानंतर उरतो तो राहण्या-जेवणाचा खर्च. शासकीय वसतिगृहांत जागा मोजक्या आहेत. ज्यांना तिथे प्रवेश मिळत नाही अशा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे आणि भटक्या, विमुक्त व इतर मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेतून अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना मदत होते.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी स्वाधारची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये ठरवली गेली. त्यात जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार धरले होते. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर राहण्यासाठी महिन्याला २ हजार रुपये होतात. पुण्यात कॉट बेसिसवर एका खोलीत चार-पाच जणांनी राहायचे म्हटले तरी एवढ्यात भागत नाही. आणि हे पैसेही वर्ष बरेच सरल्यावर हाती आले, तर भाडे आणि खाणावळीचे बिल तोवर उसनवारीवर चालवावे लागते. घरभाडे दर महिन्याला द्यायचे असेल तर भत्ताही दर महिन्यालाच यायला हवा.

या तुटीला आधार देणाऱ्या स्वयंसेवी कामाची नोंद इथे कृतज्ञतेने घ्यायला हवी. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी सहायक समितीने ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना पिढ्यान्‌पिढ्या राहण्या-जेवणाचा आसरा दिला. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये स्थापन केलेला जे. एन. टाटा एन्डॉवमेंट निधी परदेशी उच्च शिक्षणासाठी आजही कर्जरूपी शिष्यवृत्ती देतो. पण दानशूरांच्या संस्था कितीही झाल्या तरी त्या राज्याच्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाहीत.

कर्जाची वाट

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात देशातल्या सुमारे ८६० निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के पतहमी आहे. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात ३ टक्के सूट आहे, पण ती वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळातले पूर्ण व्याज माफ होण्याची जुनी योजनाही चालू आहे. गोव्यात शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देते, आणि ते धोरण शेजाऱ्यांनी अभ्यासावे असे आहे. तालुक्याच्या कला-वाणिज्य महाविद्यालयातल्या मुलाला मात्र या निवडक संस्थांच्या यादीचा फारसा उपयोग नाही. बी.ए.साठी कर्ज काढण्याची त्याच्या घरच्यांची तयारी नसते, आणि पुढच्या कमाईची खात्री नसताना त्यांनी ती दाखवू नये, हेच शहाणपणाचे आहे.

इंटर्नशिप: प्रत्येक क्षेत्राचा निराळा न्याय

आता दुसरा कागद. व्यावसायिक शिक्षणात प्रत्यक्ष कामाची अट जुनीच आहे, पण तिचे मोल क्षेत्रागणिक बदलते. एमबीबीएसनंतर बारा महिन्यांची आंतरवासिता सक्तीची आहे आणि तिला विद्यावेतन आहे, जरी ते किती असावे यासाठी इंटर्न डॉक्टरांना वेळोवेळी आंदोलने करावी लागली. सीए होणाऱ्यांना २०२३ च्या नव्या पद्धतीत दोन वर्षांची आर्टिकलशिप करावी लागते. तिलाही किमान विद्यावेतन ठरलेले आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे वकील, न्यायालय किंवा संस्थेत काढावे लागतात, पण पैसे देण्याची सक्ती कुणावर नाही. बी.एड.च्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत काम करावे लागते. ते तास घेतात, वह्या तपासतात, आणि वर आपल्या महाविद्यालयाचे शुल्कही भरतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यावर ही अट साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.पर्यंत पोहोचली. त्याच्या आराखड्यात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक दिले आहेत. एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर चार श्रेयांकांसाठी १२० तास होतात. रोज सहा तास काम धरले तरी वीस दिवस. कल्पना उत्तम आहे. वाणिज्यच्या मुलीने खरी खतावणी पाहावी, भूगोलाच्या मुलाने प्रत्यक्ष मोजणी करावी, मराठीच्या विद्यार्थ्याने मुद्रितशोधनाला बसावे, यासारखे शिक्षण नाही.

पण पिंपरी-चिंचवड किंवा ठाण्यातल्या मुलाला हे वीस दिवस मिळवणे आणि जव्हार, अक्कलकुवा किंवा एटापल्लीतल्या मुलाला मिळवणे यांत फार अंतर आहे. पहिल्याच्या घराजवळ कारखाने, बँका, माध्यमगृहे आहेत आणि वडिलांच्या ओळखीही असतात. दुसऱ्याला शहरात जाऊन महिनाभर स्वखर्चाने राहावे लागते. ज्याला ते जमत नाही, तो ओळखीच्या दुकानातून कोऱ्या कागदावर शिक्का घेऊन येतो. श्रेयांक दोघांनाही सारखेच मिळतात, पण शिकणे एकाच्याच वाट्याला येते. मोफत इंटर्नशिपची चाळणी गुणवत्तेच्या आधी घरची ऐपत पाहते, आणि हा त्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष आहे.

पैसे देणाऱ्या योजना, पण शिकणाऱ्याला बंद

विद्यावेतनासह कामाचा अनुभव देणाऱ्या दोन मोठ्या योजना २०२४ मध्ये आल्या. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये शासन थेट खात्यात देते. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत देशातल्या ५०० मोठ्या कंपन्यांमध्ये वर्षभर अनुभव घेण्याची सोय झाली. ती सुरू झाली तेव्हा महिन्याला ५ हजार आणि सुरुवातीला एकदाच ६ हजार रुपये ठरले होते. दोन्ही योजनांची एक अट मात्र सारखी आहे. राज्याच्या योजनेत शिक्षण चालू असलेला उमेदवार पात्र नाही, आणि केंद्राच्या योजनेत पूर्णवेळ शिकणारा. म्हणजे ज्याच्यावर अभ्यासक्रमाने काम करण्याची सक्ती केली, त्यालाच पैसे देणाऱ्या योजनांचे दार बंद. पदवी संपल्यावर बेकार बसलेल्या तरुणाला मदत हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण तृतीय वर्षातल्या मुलाचे वीस दिवसही कुणीतरी मोजायला हवेत.

या दोन टोकांना जोडणारा एक रस्ता आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. २०१९ च्या नियमांनी पदवीधरांसाठी किमान ९ हजार आणि पदविकाधारकांसाठी ८ हजार रुपये विद्यावेतन ठरवले, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत त्या किमान रकमेचा निम्मा भार केंद्र उचलते. हे दर ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस २०२५ मध्ये झाली. काम करताना इजा झाली तर भरपाईची तरतूदही या कायद्यात आहे, जी साध्या इंटर्नला मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिकाऊ उमेदवारीयुक्त पदवी अभ्यासक्रमांत विद्यार्थी पदवी घेत असतानाच एक किंवा अधिक सत्रे विद्यावेतनासह काम करू शकतो. अभ्यास, काम आणि मोबदला तिन्ही एका चौकटीत आणणारी ही व्यवस्था आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी ती हाती घ्यावी, यासाठी विद्यापीठांनी जोर लावायला हवा.

काय करता येईल

पहिली गोष्ट शासनाची. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप हा शिक्षणाच्या खर्चाचाच भाग मानावा, आणि शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याला त्या तासांसाठी प्रवास व निर्वाह भत्ता द्यावा. त्याची माहिती, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खाते महाडीबीटीवर आधीच आहे. नवी योजना, नवे पोर्टल, नवे दाखले यांची गरज नाही. सोबत, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशानंतर ठरलेल्या मुदतीत द्यावा, आणि तो लांबला तर महाविद्यालयाने विद्यार्थ्याला वेठीला धरू नये, हा नियम काटेकोर पाळला जावा.

दुसरी गोष्ट महाविद्यालयांची. तालुक्यात काम नसते ही समजूत चुकीची आहे. कृषी उत्पन्न बाजार समिती, दूध संघ, नागरी पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, करसल्लागाराचे कार्यालय, जिल्हा दैनिकाची आवृत्ती, छापखाना, वाचनालय अशा सगळ्या ठिकाणी हिशेब, नोंदी, सर्वेक्षण, लेखन यांची गरज असते. महाविद्यालयाने अशा पन्नास संस्थांशी लेखी करार केले आणि एका प्राध्यापकाकडे ते काम खरोखर सोपवले, तर कोऱ्या शिक्क्यांची वेळ येणार नाही. विद्यापीठांच्या ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात मुले जे काम करतात, त्यातले विषयाशी संबंधित काम इंटर्नशिप म्हणून मोजता आले, तर श्रमाला मोल आणि शिक्षणाला श्रेयांक दोन्ही मिळतील. भाऊराव पाटलांच्या विचारांशी ते सुसंगतच होईल.

तिसरी गोष्ट काम देणाऱ्यांची. विद्यार्थ्याकडून जे काम करून घेता त्याचा उपयोग तुमच्या व्यवसायाला होत असेल, तर निदान त्याचा प्रवास आणि जेवण द्या. मुली इंटर्न म्हणून येत असतील तर लक्षात ठेवा, की कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, मग त्यांना पगार असो वा नसो.

आणि शेवटी विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र बारावीच्या परीक्षेआधीच काढायला टाका. प्रवेशाच्या हंगामात तहसीलमध्ये रांगा लागतात. आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते बँकेत जाऊन तपासा, कारण पैसे त्याच खात्यात जातील. प्रवेश कोणत्या फेरीतून, कोणत्या कोट्यातून होतो आहे ते विचारल्याशिवाय शुल्काची पावती घेऊ नका. महाडीबीटीवरची अर्जाची स्थिती दर आठवड्याला पाहा. त्रुटी दाखवून परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही, तर वर्ष हातचे जाते. इंटर्नशिपला जाण्याआधी काम काय, तास किती, मार्गदर्शक कोण आणि मोबदला आहे की नाही, हे लेखी घ्या. प्रमाणपत्रासाठी पैसे मागणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. आणि खर्च झेपत नसेल, तर लाजून गप्प बसू नका. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, जवळची जागा मागा, चार-पाच जण मिळून मागा. शिष्यवृत्तीची मदत शासनाने नियमाने देऊ केलेली आहे. ती मागण्यात कमीपणा नाही, तो तुमचा हक्क आहे.